कॅबरगोलिन ०.५, सात महिन्यांनंतर: पित्ताच्या कॅप्सूलमधलं ‘डी’

कॅबरगोलिन ही रक्तातलं वाढलेलं प्रोलॅक्टिन (अंगावर दूध आणणारं संप्रेरक) उतरवणारी, आठवड्यातून दोनदा घ्यायची गोळी. आता थेट मुद्द्याचं. दीड महिन्यात प्रोलॅक्टिन ३१ वर उतरलं होतं. तिसऱ्या महिन्यात ५८! एकही डोस चुकलेला नव्हता. चार गोळ्यांच्या पट्टीला शेकड्यांनी पैसे मोजायचे आणि आकडा उलटा चढायचा, म्हटल्यावर ‘महाग आणि बिनकामाची’ असंच लिहायला घेतलं होतं. ते सगळं खोडलं.

घोळ पित्ताच्या कॅप्सूलनं घातला. कॅबरगोलिन सुरू केल्यावर पहिले काही आठवडे मळमळतं. त्यात कडक भाकरी, शेंगाचटणी आणि सोलापुरी तिखट. पँटोप्राझोल-डॉम्पेरिडोनची कॅप्सूल इथल्या घराघरांतल्या औषधांच्या डब्यात असतेच. रोज सकाळी एक घेतली जाते, आणि डॉक्टरांनी ‘आणखी काय चालू आहे?’ विचारलं तर तिचं नावही कोणी घेत नाही. ते काय औषध आहे होय!

आहे. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी प्रोलॅक्टिन बनवते आणि वरून, हायपोथॅलॅमस या मेंदूच्या भागातून, सतत झिरपणारं डोपामिन हे रसायन तिला आवरून धरतं. डोपामिन पेशीवरच्या ज्या जागेवर बसतं, त्याच डी-२ रिसेप्टरवर बसून कॅबरगोलिन डोपामिनचं काम करतं. डॉम्पेरिडोन नेमकं तेच रिसेप्टर अडवतं. ते मेंदूत फारसं शिरत नाही, म्हणून ‘निर्धोक’ समजलं जातं. पण रक्त आणि मेंदू यांच्यामधला जो पडदा त्याला अडवतो, त्याच्या बाहेरच पिट्युटरीचा पुढचा भाग आहे. तिथे ते बिनदिक्कत पोहोचतं. म्हणजे रात्रीच्या गोळीनं दाबलेला ब्रेक सकाळची कॅप्सूल सोडवते, आणि पैसे दोन्हींचे जातात.

म्हणून पट्टीची मागची बाजू वाचा, बारीक अक्षरातला घटकांचा तक्ता. नावापुढचं ‘डी’ बहुतेक वेळा डॉम्पेरिडोनचं असतं. रॅबेप्राझोलच्या काही कॅप्सूलमध्ये लेव्होसल्पिराइड असतं. तेही प्रोलॅक्टिन चढवतं, शिवाय मेंदूतही पोहोचतं. वयस्कर माणसांत त्यानं हात थरथरणं, चाल मंदावणं सुरू होऊ शकतं. उलटीवरच्या मेटोक्लोप्रमाइडचंही तेच. साधं पँटोप्राझोल ४० चालतं, त्याचा डोपामिनशी संबंध नाही. मळमळ फारच असेल तर दुसऱ्या मार्गानं काम करणारं ओंडान्सेट्रॉन चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. रिस्पेरिडोन, अ‍ॅमिसल्प्राइड ही मानसोपचाराची औषधंही प्रोलॅक्टिन वाढवतात, पण ती स्वतःच्या मनानं एक दिवसही बंद करू नका. कॅबरगोलिननं मूळ मानसिक आजार उसळू शकतो, तेव्हा दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची चिठ्ठी दाखवाच.

कॅप्सूल बंद केल्यावर सहा आठवड्यांनी आकडा १४ आला. डोस तोच, गोळी तीच.

फेरतपासणीचं रक्त उठल्या उठल्या देऊ नका, झोपेत प्रोलॅक्टिन चढलेलं असतं. उठून दोन-तीन तास जाऊ द्या आणि लॅबमध्ये पंधरा-वीस मिनिटं शांत बसून मग सुई टोचून घ्या. लॅब बदलली तर एककही बघा. मिलिलिटरला ३१ नॅनोग्रॅम म्हणजेच लिटरला साधारण ६५७ मिली-युनिट. तो आकडा बघून घाबरलेली माणसं आहेत.

गोळीबद्दलची खरी तक्रार एकच: अर्धी करताना तिचा भुगा होतो. ०.२५ चा डोस म्हणजे अर्धी गोळी. सुरीनं कापू नका. ताटलीत धरून रेघेवर दोन्ही अंगठ्यांनी दाबा, किंवा गोळी कापायची डबी आणा. उरलेली अर्धी कोरड्या, घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा आणि तीन-चार दिवसांनी तीच घ्या. सोमवार-गुरुवार असे वार ठरवले की विसरत नाही. या डोसला एक पट्टी चार आठवडे पुरते, त्यामुळे ‘महाग’ हा शब्दही आता मागे घेतला आहे.

घ्यायची ती रात्री जेवण झाल्यावर, झोपताना. उभं राहिलं की रक्तदाब घसरतो, आणि एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या पुढे गेला की अंगातलं पाणी कमी होऊन तो आणखी घसरतो. रात्री उठताना मिनिटभर कॉटच्या कडेवर बसा. हृदयाच्या झडपांचा त्रास मुख्यतः पार्किन्सनसाठी रोज काही मिलिग्रॅम घेणाऱ्यांत दिसला. आठवड्याच्या या डोसला भीती फार कमी, तरी सुरुवातीला एक इको (हृदयाची सोनोग्राफी) करून ठेवलेला बरा. बायकांनी एक लक्षात ठेवावं: प्रोलॅक्टिन उतरलं की पाळी यायच्या आधीच बीज सुटू शकतं. मूल नको असेल तर पाळीची वाट बघत बसू नका.

पुरुषांना या गोळीबद्दल एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. प्रोलॅक्टिन उतरल्यावर कामेच्छा परत येते, ती हवीच असते. पण हेच औषध मेंदूतल्या ‘आणखी हवं’ म्हणणाऱ्या भागावरही काम करतं. काहींना पत्त्यांचा, सट्ट्याचा, खरेदीचा किंवा कामवासनेचा न आवरणारा ओढा लागतो, कमी डोसलासुद्धा. ज्याला होतं त्याला ते औषधाचं वाटत नाही, स्वतःचीच हौस वाटते. म्हणून गोळी सुरू करतानाच घरातल्या एकाला हे सांगून ठेवा आणि बँकेचे मेसेज त्याच्याही मोबाइलवर जाऊ द्या. असं काही दिसलं तर लाजू नका, लगेच डॉक्टरांना सांगा. डोस कमी केला किंवा औषध थांबवलं की बहुतेकांचा ओढा ओसरतो.