जेफ्री पामर बघायचा तर आधी ‘बटरफ्लाइज’ की ‘ॲज टाइम गोज बाय’?

जुन्या ब्रिटिश विनोदी मालिका बघणाऱ्यांना जेफ्री पामरचा चेहरा पाठ असतो, नाव मात्र आठवत नाही. ओघळलेले गाल, जड पापण्या, आत्ताच कुणीतरी वाईट बातमी सांगितल्यासारखा भाव. ‘फॉल्टी टॉवर्स’मध्ये हॉटेलातला एक पाहुणा मरून पडलाय, मालकाची धावपळ चाललीय आणि त्यातच एक डॉक्टर नाश्त्याला सॉसेज मागतोय, तो डॉक्टर म्हणजे पामर. १९७९ चा तो भाग बघितला आणि मी या माणसाच्या मागे लागलो.

त्याचा जन्म १९२७ चा. ‘रेजिनाल्ड पेरिन’ या मालिकेत वेळोवेळी खायला मागायला येणारा, नायकाचा माजी लष्करी मेव्हणा त्याने केला, तेव्हा १९७६ साल उजाडलं होतं. म्हणजे लोक त्याला ओळखायला लागले ते पन्नाशीला टेकल्यावर. त्यानंतरची त्याची मन लावून बघावी अशी कामं माझ्या मते दोन. ‘बटरफ्लाइज’ (१९७८ ते ८३) आणि ‘ॲज टाइम गोज बाय’ (१९९२ ते २००५). दोन्ही बीबीसीच्या. मी बघितल्या त्या याच क्रमाने, आणि तो क्रम चुकला असं आता वाटतं.

‘बटरफ्लाइज’ कार्ला लेनने लिहिली. पामर त्यात बेन, दातांचा डॉक्टर. फुलपाखरं जमवणारा, घरात कमी बोलणारा. बायको रिया, म्हणजे वेंडी क्रेग, संसारात गुदमरलेली आहे. लेनर्ड नावाच्या माणसात तिचा जीव अडकतो, पण पाऊल पुढे पडत नाही. विनोदी मालिकेत एवढं खरं दुःख मी क्वचितच बघितलंय. आणि पामरचं काम? बायकोच्या मनात दुसरा कुणी आहे हे ज्याला ठाऊक नाही असा नवरा तो उभा करतो आणि प्रेक्षकाकडे एकदाही कीव मागत नाही. हे फार अवघड आहे. केवळ अभिनय तोलायचा असेल तर पारडं इथेच जड होईल, हे मी मोकळेपणाने मान्य करतो.

मग अडलं कुठे? जेवणाच्या टेबलावर.

रियाला स्वयंपाक येत नाही, हा या मालिकेतला कायमचा विनोद. ती काहीतरी करपलेलं आणून ठेवते. बेन आणि दोन मुलगे (धाकटा म्हणजे कोवळा निकोलस लिंडहर्स्ट) ताटाकडे बघतात, एकमेकांकडे बघतात आणि प्रेक्षक हसतात. पहिल्यांदा मीही हसलो. दुसऱ्यांदाही. पण आमच्याकडे रात्री जेवतानाच मालिका लावायची पद्धत आहे. चौथ्या की पाचव्या भागाला बायको आमटी वाढता वाढता थांबली. पळी हातातच होती. म्हणाली, “या तिघांपैकी एकाला तरी उठून काही करावंसं वाटतं का?” त्यानंतर मला ते टेबल नीट बघता येईना. पामरचा चेहरा तोच, टायमिंगही तितकंच अचूक, पण त्या चेहऱ्याचा सगळा जोर एका थकलेल्या बाईवर पडतोय असं सारखं जाणवायला लागलं. लेखिकेलाही हेच दाखवायचं असेल, रियाची घुसमट त्या टेबलावरूनच तर कळते. तरी रोज रात्री ते बघणं आम्हाला जड गेलं.

‘ॲज टाइम गोज बाय’ बॉब लार्बीची. पामर इथे लायनेल, केनियात कॉफीचा मळा सांभाळून परतलेला. आठवणींचं पुस्तक टाइप करून घ्यायला तो एका एजन्सीत जातो आणि ती एजन्सी निघते त्याच्या तरुणपणीच्या प्रेयसीची, जीनची, म्हणजे जुडी डेंचची. कोरियाच्या युद्धात असताना त्याने तिला धाडलेलं पत्र पोहोचलंच नव्हतं आणि मध्ये ३८ वर्षं गेली.

चेहरा तोच, कुरकुरही तीच. पण इथे समोर डेंच आहे, ती त्याला एक अक्षर जास्त बोलू देत नाही. लायनेल नको म्हणतो, जीन ऐकत नाही, आणि पुढच्या प्रसंगात तो निमूट तिच्याबरोबर निघालेला असतो. रात्री दोघं पलंगावर टेकून दिवसभरातलं बोलतात, ते प्रसंग मला सगळ्यात आवडतात. पामर मान वळवतो, तिच्याकडे बघतो, क्षणभर थांबतो आणि दोन शब्दांत उत्तर देतो. त्या थांबण्यात माया दिसते. बेनच्या थांबण्यात मला ती फार शोधावी लागली. इथे त्याच्या तिरसटपणाची झळ कुणाला लागत नाही, उलट ज्याची त्याची खोड त्याच्या त्याच्या पदरात पडते. शिवाय म्हातारपणीही नाचणारा त्याचा बाप रॉकी आहे आणि समुद्रावरच्या हवामानाच्या बातम्यांत रमणाऱ्या मिसेस बेल आहेत. या बाईंसाठी मी कुठलाही भाग पुन्हा लावीन.

उणं आहेच. पुढच्या सीझनमध्ये कथानक विरळ होत जातं. नाट्य हवं असणाऱ्याला कंटाळा येईल आणि त्याचं चूक म्हणता येणार नाही. भागही साठाच्या वर आहेत, तर ‘बटरफ्लाइज’ अठ्ठावीस भागांत संपते. वेळ थोडा असेल आणि घरात तुम्ही एकटेच बघणार असाल तर ‘बटरफ्लाइज’ घ्या, पश्चात्ताप होणार नाही. पण कुणाबरोबर बघायची असेल, विशेषतः आईवडिलांबरोबर किंवा जेवताना, तर मी ‘ॲज टाइम गोज बाय’च सांगेन. सुरुवातीचे दोन-तीन सीझन सलग बघा. ही जोडी आवडली तर १९९७ च्या ‘मिसेस ब्राउन’ या चित्रपटातही दोघं आहेत, ती राणी व्हिक्टोरिया आणि हा तिचा खाजगी सचिव.

लायनेलची ओळख झाल्यावर मी ‘बटरफ्लाइज’कडे परत गेलो. या खेपेला बेन कमी कठोर वाटला. फुलपाखरांच्या पेटीवर वाकलेला तो माणूस बोलायचं राहून गेलेला आहे, हे तेव्हा दिसलं. बायको मात्र परत बसली नाही. ती भाजी निवडत आतूनच म्हणाली, “लायनेलचं लावशील तेव्हा हाक मार.”