आडनाव न विचारणारा एजंट

आमची टिळकनगरची इमारत रिडेव्हलपमेंटला गेली आणि तीन वर्षांसाठी भाड्याचं घर शोधायची वेळ आली. राहणार आई आणि मी, दोघीच. मी रक्तपेढीत टेक्निशियन आहे, हातात पगाराची स्लिप आहे, बिल्डरचं भाडं दर महिन्याला खात्यात येतं. तरी पाच आठवड्यांत सात एजंट झाले. घर दिलं ते आठव्याने, म्हणून त्याच्याबद्दल लिहिते आहे.

दुकान कुर्ला पूर्वेला, नेहरूनगरच्या एसटी डेपोजवळ. पाटी झेरॉक्सची आहे, याचं टेबल आत, लॅमिनेशनच्या मशीनमागे. आम्ही बसलो तशी त्याने वही उघडली आणि चार गोष्टी विचारल्या: माणसं किती, भाडं कितीपर्यंत, कधीपासून हवंय, आईंना जिने चढवतात का. मी पुढच्या प्रश्नाची वाट बघत होते. तो आलाच नाही. चाव्यांचा जुडगा उचलून म्हणाला, "चला ताई, आधी लिफ्टवालं बघू."

मुंबईत ज्यांनी घर शोधलंय त्यांना तो न आलेला प्रश्न कोणता हे सांगायला नको. आधीच्या सातही जणांनी फोनवरच विचारलं होतं, "मॅडम, पूर्ण नाव?" आडनाव ऐकलं की "व्हेज की नॉनव्हेज?" आणि मग "ओनरशी बोलून कळवतो". एका ठिकाणी तर टोकन द्यायचं ठरलं होतं. सोसायटीच्या सेक्रेटरींनी आईला जिन्यातच गाठलं आणि विचारलं, "घरात काय काय शिजतं?" आई म्हणाली, "भाकरी." उतरताना तिने कठडा घट्ट धरला होता. संध्याकाळी मेसेज आला, घर ओनरच्या नातेवाइकाला दिलंय.

त्या रात्री मी कायदा काढून वाचला. संविधानाच्या कलम 15 मध्ये दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, रस्ते यांचा उल्लेख आहे, तिथे धर्म किंवा जात बघून कुणाला अडवता येत नाही. भाड्याच्या घराचं नाव त्यात नाही. नागरी हक्क संरक्षण कायदा 1955 चा, आईच्या जन्माच्याही आधीचा. अस्पृश्यतेच्या कारणावरून कुणाला राहत्या जागेपासून अडवणं हा त्यात गुन्हा आहे. पण माझ्यासमोर जातीचा शब्द उच्चारला कुणी? सगळं स्वयंपाकघराच्या वाटेने आलं. माझ्यासोबत काम करणारी मैत्रीण मुसलमान आहे. तिचं नाव ऐकूनच फोन ठेवतात, आणि तिच्या कामाला तो 1955 चा कायदासुद्धा येत नाही. उलट 2005 मध्ये अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सभासदत्व आपल्याच समाजापुरतं ठेवायला मोकळीक दिली.

पण एचआयव्हीसह जगणाऱ्यांसाठी 2017 मध्ये झालेला कायदा बघा, ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठी 2019 मध्ये झालेला बघा. घर भाड्याने देताना भेदभाव करायचा नाही, हे दोन्हींत स्पष्ट लिहिलंय. मग तेच वाक्य सगळ्यांसाठी का लिहीत नाहीत? शशी थरूर यांनी लोकसभेत सगळ्या प्रकारच्या भेदभावाविरुद्ध खासगी विधेयक मांडलं होतं, ते मंजूर झालं नाही. मला असा कायदा हवा आहे, मनापासून हवा आहे. आईच्या वयाच्या बाईला जिन्यात उभं करून तिच्या चुलीची चौकशी करणाऱ्याला कुठेतरी उत्तर द्यावं लागलं पाहिजे.

तो होईपर्यंत सगळा भार एजंटच्या टेबलावर, म्हणून याची पद्धत नीट सांगते. चावी ठेवून घेतानाच तो ओनरला विचारतो, "कुणाला द्यायचं नाही असं काही आहे का?" असेल तर चावी घेतच नाही. त्यामुळे त्याच्या वहीत घरं कमी असतात. आम्हाला तीनच दाखवली. लिव्ह अँड लायसन्सचा करार रजिस्टर केला (1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याने ते सक्तीचंच आहे) आणि त्याआधी एकेक कलम आईला मराठीत समजावून सांगितलं. सोसायटीच्या छापील फॉर्ममध्ये 'धर्म' असा रकाना होता. त्याने पेनाने त्यावर आडवी रेघ मारली, खाली स्वतःची सही केली आणि मग फॉर्म माझ्याकडे सरकवला. त्या रेघेसाठी मी त्याला पाचपैकी पाच देईन.

बाकी कामात मात्र चार. दलाली पूर्ण एका महिन्याची, 29,000, एक रुपया सोडला नाही. दुपारी 2 ते 4 फोन उचलत नाही. गीझर बंद आहे हे आधी सांगितलं नव्हतं, त्यासाठी दोन आठवडे मागे लागावं लागलं. जायचं असेल तर सकाळी 11 च्या आत जा, नंतर तो घरं दाखवायला बाहेर पडतो.

चावी देताना त्याने आईला विचारलं, "भिंतीवर फोटो किती लावायचेत? खिळ्यांचं ओनरला आताच सांगून ठेवतो, नंतर डिपॉझिटमधून कापायला नकोत." आई म्हणाली, "तीन. बुद्ध, बाबासाहेब आणि हिचे पप्पा." त्याने वहीत आमच्या नावापुढे 'खिळे 3' असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रिल घेऊन मुलगा दारात हजर होता.