नव्या बाथरूमसाठी 6 इंची एक्झॉस्ट फॅन: घ्यावा का, आणि कसा बसवावा

नागपुरात बाथरूम नव्याने करताना पैसा टाइल्सवर आणि वॉटरप्रूफिंगवर जातो. एक्झॉस्ट फॅन आठवतो तो अगदी शेवटी. पण वॉटरप्रूफिंग फक्त पाणी अडवतं, वाफेवर त्याचा काही इलाज नाही. उलट भिंतींना वरपर्यंत टाइल्स लागल्या की वाफ शोषायला प्लास्टर उरत नाही. मग ती छताच्या रंगावर, आरशावर आणि दाराच्या चौकटीवर बसते. वर्षभरात छताला काळे ठिपके येतात आणि लोक मिस्त्रीला दोष देतात.

इतवारी किंवा सीताबर्डीच्या दुकानांत मिळणारा प्लास्टिक बॉडीचा 6 इंची फॅन नेहमीच्या फ्लॅटमधल्या बाथरूमला पुरतो. 8 बाय 5 फुटांची खोली, उंची 8 फूट, म्हणजे साधारण 9 घनमीटर हवा. तासाला 10 ते 12 वेळा ती बदलायची तर 90 ते 110 घनमीटर पुरेत. डब्यावरचा आकडा मात्र मोकळ्या हवेत मोजलेला असतो. जाळी, झडप आणि पाइपाचं वळण आलं की तो बराच खाली येतो, म्हणून डब्यावर किमान दुप्पट आकडा असलेलाच घ्यावा. लोखंडी पात्यांचा फॅन स्वयंपाकघरात ठीक. बाथरूमच्या दमटपणात तो गंजतो. मोटर बॉल बेअरिंगची आहे का, हे विचारूनच घ्या. बुशवाली (गोळ्यांऐवजी धातूच्या साध्या नळीत दांडा फिरतो ती) स्वस्त पडते, पण ओलीत तिचं तेल सुकतं, आवाज सुरू होतो आणि पुढे ती जाम होते.

फॅन चांगला असूनही काम करत नाही, याचं कारण बहुतेक वेळा बसवण्यात असतं. आपल्याकडे तो काचेच्या पट्ट्यांच्या व्हेंटिलेटरमध्ये दोन पट्ट्या काढून बसवतात आणि उरलेल्या पट्ट्या तशाच उघड्या ठेवतात. मग फॅन शेजारच्या फटीतूनच बाहेरची हवा ओढतो आणि तीच परत बाहेर टाकतो. शॉवरजवळची वाफ जागची हलत नाही. उरलेला भाग काच किंवा एसीपी शीट (अ‍ॅल्युमिनियमचा थर असलेला पातळ पत्रा) लावून सिलिकॉनने बंद करावा. आत येणारी हवा दाराखालून यायला हवी, त्यासाठी 20 मिलिमीटर फट लागते. नवा पीव्हीसी दरवाजा उंबऱ्याला अगदी टेकवून बसवला असेल, तर खाली जाळी कापून घ्या.

तपासणी सोपी आहे. दार लावून फॅन सुरू करा आणि जाळीवर टिश्यू पेपर धरा. तो चिकटून राहिला तर ठीक. गळून पडला आणि दार किलकिलं केल्यावर चिकटला, तर फट कमी आहे.

व्हेंटिलेटर इमारतीच्या डक्टमध्ये उघडत असेल, तर मागे आपोआप मिटणारी झडप हवीच, नाहीतर खालच्या मजल्यांचा वास वर येतो. फॅनला बाहेरच्या बाजूने किंचित उतार द्यावा, म्हणजे आत जमलेलं पाणी मोटरकडे येत नाही.

चालवायचा किती वेळ? आंघोळ सुरू करताना लावावा आणि नंतर 20 ते 30 मिनिटं चालू ठेवावा. टायमर स्विच घेतला तर विसरण्याचा प्रश्नच नाही. डिसेंबर-जानेवारीत गार भिंतींवर गिझरच्या पाण्याची वाफ लगेच पाणी होते, पण बाहेरची हवा कोरडी असल्याने फॅनचा गुणही तेव्हाच सर्वांत लवकर येतो. जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरचीच हवा दमट असते, तेव्हा एकट्या फॅनकडून कोरड्या फरशीची अपेक्षा ठेवू नका. आधी वायपरने भिंती आणि फरशी ओढून घ्या. उन्हाळ्यात कूलरची हवा बाहेर जायला दुसरी खिडकी उघडी ठेवा. ती बाथरूममधूनच जात राहिली, तर बेसिनखालचं प्लायचं कपाट फुगतं.

गळती मात्र फॅनने थांबत नाही. शंका असेल तिथे फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवून 24 तास ठेवा. थेंब खोलीच्या बाजूला आले तर वाफ, भिंतीकडच्या बाजूला आले तर आतली ओल. बाथरूमच्या पलीकडच्या खोलीत भिंतीला खालून लोणा लागला असेल, पोपडे पडत असतील, तर दोष सांध्यात किंवा पाइपात आहे. काम अजून चालू असेल तर टाइल्स बसवण्याआधी पाणी भरून 48 तास तुंबवून बघाच. तो वेळ वाचवणारा ठेकेदार पुढे तुमचाच खर्च वाढवतो.

स्विच बाथरूमच्या बाहेर, वायर अर्थिंगसह तीन तारांची आणि त्या लाइनवर 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज आपोआप तोडणारा स्विच), यात तडजोड नको. दर दोन महिन्यांनी मेन स्विच बंद करून, जाळी काढून, पाती ओल्या फडक्याने पुसा. धूळ आणि वाफ मिळून पात्यांवर चिकट थर बसला की हवा कमी होते आणि आवाज वाढतो.