वनस्पतीजन्य पोषकद्रव्य: सात महिने, तीन नोझल

काल फवारणी पंपाचं तिसरं नोझल चोंदलं, म्हणून हे लिहायला बसलो. डिझेल सांडलेली माती साफ व्हावी म्हणून हे वनस्पतीजन्य द्रव मी तिच्यावर फवारतो. त्याच्या कॅनच्या तळाशी चोथा बसतो. लेबलवर मात्र 'पूर्णपणे विद्राव्य'! आता जुन्या बनियनमधून गाळून घेतो, तर दर ५ लिटरला मूठभर लगदा निघतो. त्या लगद्याचेही पैसे मीच मोजलेत.

जनरेटरखाली डिझेल झिरपलेली माती होती. तेलात कार्बन रग्गड, नत्र-स्फुरद जवळपास नाहीच. ते पुरवलं की मातीतले जिवाणू तेलावर तुटून पडतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच. कार्बन, नत्र, स्फुरद साधारण १००:१०:१ ठेवा म्हणतात. ठेवतो हो, पण लेबलवर नत्राची टक्केवारी नको का?

पहिले दोन महिने नुसत्या शिव्या घातल्या. तेलकट माती पाणी घेत नाही, फवारलेलं सगळं थेंब होऊन ओघळायचं. १९८९ मध्ये अलास्कात एक्सॉन वाल्डेझ जहाजाचं तेल सांडलं, तेव्हा तेलालाच चिकटून राहणारं खत वापरलं होतं. हे कसलं चिकटतंय! कस्टमर केअर म्हणालं, 'मात्रा दुप्पट करा.' केली. आठवड्यात सडक्या अंड्यांचा वास. यातली साखर-प्रथिनं हे जिवाणूंचं सोपं जेवण. ते उरकण्यात मातीतला प्राणवायू संपला आणि डिझेल तसंच राहिलं.

मग मात्रा निम्मी केली. दर आठवड्याला कुदळीने वीतभर माती उलटायची. ओल इतकीच, की मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पाणी सुटू नये. इथे माझं मत बदललं, हे कबूल करतो. वास गेला, आणि टाकलेलं पाणी मुरू लागलं. प्रयोगशाळेचा खर्च टाळून मुळ्याचं बी पेरून पाहिलं: सुरुवातीला २० पैकी २ उगवले होते, आता १४. एक पट्टा मुद्दाम नुसता उलटून ओला ठेवला होता, तिथे ९. म्हणजे निम्म्याहून जास्त श्रेय माझ्या कुदळीचं, बाकीचं या द्रवाचं. (काही डिझेल तर आपसूक उडूनही गेलं असणार.)

इंजिनचं जळकं ऑइल सांडलेला कोपरा मात्र अजून काळाच आहे. ते जड तेल, शिवाय त्यात जस्तासारखे धातू. हे धातू कुठलाच जिवाणू खाऊन संपवत नाही. तिथे हे वाया घालवू नका.

उरलेला कॅन संपवतो. पुढच्या वेळी सोयाबीन पेंडीची भुकटी फावड्यानेच मिसळीन, थोडी थोडी. तिला नोझल लागत नाही.