वर्षाचा कलाप्रकल्प: नाटक की तानपुरा?

सांगलीतल्या शाळेला कलाप्रकल्पाला विषय शोधत बसायला नको. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भाव्यांनी इथेच 'सीतास्वयंवर' रंगवलं आणि ती तारीख मराठी रंगभूमी दिन झाली. म्हणून बहुतेक वर्ग नाटकच निवडतात. अख्खा वर्ग कामाला लागतो: कुणी पडदा ओढतं, कुणी मिश्या चिकटवतं. पण संवाद मिळतात चार-पाच हुशार मुलांनाच, बाकीची झाडं नाहीतर सैनिक! शिवाय दिवाळीची सुट्टी मध्ये आली की तालमी विस्कटतात.

दुसरा पर्याय शेजारच्या मिरजेत आहे. तिथल्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पंढरपूर भागातून येणारा भोपळा, तुणीच्या लाकडाची दांडी, वरचं नक्षीकाम आणि शेवटी कानानेच जमणारी जवारी, म्हणजे तारांखालची घोडी घासून आवाजात गुंजन आणणं. इथे विज्ञान, भूगोल, चित्रकला सगळं आपसूक येतं. मुलं कारागिरांना प्रश्न विचारतात, चित्रं काढतात, तारेचा आवाज बदलताना ऐकतात. मात्र कारखाने लहान. चाळीस पोरं एकदम नेली तर काम बंदच पडेल. गट पाडून जावं.

पाचवी-सहावीला नाटक ठीक. आठवी-नववीला मी मिरजच सुचवेन, गॅदरिंगला टाळ्या थोड्या कमी पडल्या तरी चालतील.