क्रोम, फायरफॉक्स की सफारी? वेबवर मराठी लिहिणाऱ्याच्या नजरेतून

रोजचं बहुतेक लिखाण मी थेट ब्राउझरमधेच करते, नाहीतर दुसरीकडे लिहून मग वेबवरच्या टेक्स्ट बॉक्समधे पेस्ट करते. त्यामुळे माझ्यासाठी ब्राउझर किती फास्ट आहे यापेक्षा मी दिलेला बोल्ड बोल्डच राहतो का, दोन ओळींतली जागा तेवढीच राहते का, हे जास्त महत्त्वाचं आहे. बरेच दिवस क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी तिन्ही आलटून पालटून वापरतेय, आता नीट लिहूनच काढते.

आधी एक गोष्ट. ब्राउझरची नावं ढीगभर असली तरी आतली इंजिनं (वेबपान स्क्रीनवर उभं करणारा भाग) मुख्यतः तीनच, क्रोमचं ब्लिंक, सफारीचं वेबकिट आणि फायरफॉक्सचं गेको. मायक्रोसॉफ्टचा एज २०२० पासून क्रोमियमवर, म्हणजे क्रोमच्याच पायावर आहे, ऑपेरा तर २०१३ मधेच तिकडे गेला, म्हणून त्यांचा वेगळा रिव्ह्यू करण्यात अर्थ नाही, फॉरमॅटिंगच्या बाबतीत ते क्रोमसारखेच वागतात. आणि आयफोनवर तुम्ही क्रोम टाका नाहीतर फायरफॉक्स, आत वेबकिटच चालतं (युरोपियन युनियनमधे २०२४ पासून आणि जपानमधे २०२५ पासून दुसऱ्या इंजिनाला परवानगी मिळाली आहे).

आता खरा विषय, कॉपी-पेस्ट. इथे तिघांत सगळ्यात मोठा फरक पडतो आणि बहुतेकांना तो माहीतच नसतो. क्रोममधून एखाद्या पानावरचा परिच्छेद कॉपी केला ना, की अक्षरांबरोबर त्यांचा त्या क्षणी दिसणारा सगळा साज पण क्लिपबोर्डवर जातो, फॉन्ट, साइज, रंग, अगदी मागचा पांढरा रंगसुद्धा. मग तुम्ही तो डार्क थीमवाल्या एडिटरमधे पेस्ट केलात आणि एडिटरने साफसफाई केली नाही तर काळ्या पानावर प्रत्येक ओळीमागे पांढरी पट्टी उमटते. फायरफॉक्सचं तसं नाही, तो मूळ पानाचे टॅग (मजकुरावर केलेल्या खुणा) तेवढे उचलतो, म्हणजे बोल्डचा टॅग असेल तर बोल्ड येतो, लिंक असेल तर लिंक येते, पण स्टाइलशीटमधून, म्हणजे पानाच्या सजावटीच्या वेगळ्या यादीतून, आलेले रंग आणि फॉन्ट मागेच राहतात. मला हे फार आवडतं. मला मजकूर हवा असतो, दुसऱ्याच्या पानाची रंगसंगती नको असते. याची दुसरी बाजू अशी की मूळ पानावर बोल्ड नुसता स्टाइलशीटमधून दिलेला असेल तर फायरफॉक्समधून तो येत नाही, तिथे क्रोमच बरा पडतो. सफारीही क्रोमसारखा साज बरोबर नेतो, ब्लिंक हे वेबकिटमधूनच २०१३ साली फुटून निघालंय त्यामुळे या सवयी सारख्याच.

उपाय सोपा आहे आणि तो हाताला लागायलाच हवा. क्रोम आणि फायरफॉक्समधे कंट्रोल-शिफ्ट-व्ही दाबलं की नुसता मजकूर येतो, साज नाही. मॅकवर सफारीत ऑप्शन-शिफ्ट-कमांड-व्ही, चार बोटांची कसरत आहे ती, पण सवय होते.

एंटरची भानगड जुनी आहे. साध्या टेक्स्ट बॉक्सऐवजी थेट पानावरच बोल्ड वगैरे देऊन लिहिता येण्याची सोय पहिल्यांदा इंटरनेट एक्सप्लोरर ५.५ मधे आली, २००० साली, आणि मग ज्याने त्याने आपापल्या पद्धतीने ती बनवली. एंटर दाबलं की एक्सप्लोरर नवा परिच्छेद करायचा, क्रोम डिव्ह (पानाचा नुसता एक कप्पा) टाकायचा आणि फायरफॉक्स नुसती ओळ तोडायचा, म्हणजे तेच लिखाण एका ठिकाणी ऐसपैस दिसायचं आणि दुसऱ्या ठिकाणी दाटीवाटीने. २०१८ मधे फायरफॉक्स ६० पासून तोही डिव्ह टाकायला लागला तेव्हा हा त्रास बराच संपला. जुन्या साइटवरचं जुनं लिखाण बघाल तर मात्र ओळींमधली विचित्र जागा अजून दिसते, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

कविता टाकणाऱ्यांसाठी वेगळं सांगते. ओळीच्या सुरुवातीला चार स्पेस देऊन ओळ आत घेतली तर एचटीएमएलच्या (वेबपानं ज्या भाषेत लिहितात तिच्या) नियमाप्रमाणे त्या स्पेस गिळल्या जातात, कुठल्याही ब्राउझरमधे. एडिटरमधे टाइप करताना त्या दिसतात कारण ब्राउझर गुपचूप मधेमधे न तुटणाऱ्या स्पेस (जिथे ओळ मोडता येत नाही अशा) पेरतो, आणि मग तीच ओळ फोनच्या छोट्या स्क्रीनवर नको तिथे मोडते. याला तिघांपैकी कोणाकडेच छान उत्तर नाही, मी तर कवितेला आता स्पेस द्यायचंच सोडून दिलंय.

आता देवनागरी, इथे मला जास्त बोलायचंय. इटॅलिक वापरू नका, कळकळीने सांगते. आपल्या बहुतेक फॉन्टमधे इटॅलिकची वेगळी अक्षरं नसतातच, मग ब्राउझर असलेलं अक्षरच ढकलून तिरकं करतो. शिरोरेघ तशीच आडवी राहते आणि खालचे काने, दंड सगळे कलतात, ओळ पडायला आल्यासारखी दिसते. तिन्ही ब्राउझर हेच करतात. जोर द्यायचा असेल तर बोल्ड द्या.

अंडरलाइनचं पण बघण्यासारखं आहे. अक्षराचा खाली आलेला भाग जिथे लागतो तिथे रेघ तोडायची अशी पद्धत क्रोममधे २०१८ ला आणि फायरफॉक्समधे २०१९ ला आपोआप लागू झाली, सफारीत त्याच्या आधीपासून होती. इंग्रजीत ते सुरेख दिसतं. आपल्याकडे 'कुटुंब' हा शब्द अधोरेखित करून बघा, दोन्ही उकारांपाशी रेघेला खिंड पडते आणि तीन अक्षरांच्या शब्दाखाली तुकडे तुकडे राहतात. तरी मला आधीच्यापेक्षा हेच बरं वाटतं, कारण पूर्वी रेघ उकाराला भिडून ऱ्हस्व की दीर्घ तेच कळायचं नाही.

खोडण्याची पण मजा आहे. 'स्त्री' लिहून बॅकस्पेस दाबला तर फक्त वेलांटी जाते आणि 'स्त्र' उरतो, पण शब्दाच्या आधी कर्सर ठेवून डिलीट दाबलं तर अक्षराचा मोठा तुकडा एकदम जातो. किती मोठा ते ब्राउझर आणि त्याच्या आवृत्तीवर ठरतं, कारण जोडाक्षर अखंड धरायचा नियम युनिकोडमधे (संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक प्रमाणात) २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आला. वेलांटी चुकली तर बॅकस्पेसच वापरा, अख्खं जोडाक्षर परत लिहावं लागत नाही.

माझं मत विचाराल तर लांब लिखाणाला फायरफॉक्स. पेस्ट स्वच्छ होते हे एक, आणि साध्या टेक्स्ट बॉक्समधे लिहिताना चुकून रिफ्रेश झालं तरी तो लिहिलेलं परत आणून देतो, ही एक सोय माझ्यासाठी बाकी दहा गोष्टींच्या बरोबरीची आहे. रंगीत, टेबलवालं, सजवलेलं काही जसंच्या तसं न्यायचं असेल तेव्हा मी क्रोम उघडते. सफारीत मी वाचते जास्त आणि लिहिते कमी.

एक गोष्ट मात्र कुठल्याच ब्राउझरच्या हातात नाही. एका साइटवर मी प्रवासाबद्दल लिहिलं होतं, 'डोंगर आणि दऱ्या', आणि टाकल्यावर झालं 'डोंगर आणि दर्या', म्हणजे चक्क समुद्र आला डोंगरात! झालं असं की माझा कीबोर्ड तो अर्धा र एका न दिसणाऱ्या जोडणीच्या चिन्हाने बनवत होता आणि त्या साइटने सगळी अदृश्य चिन्हं काढून टाकली. तिन्ही ब्राउझरमधे उघडून बघितलं, तिन्हीकडे दर्याच, चिन्हच गेलं तर ब्राउझर तरी काय करणार. तेव्हापासून मी नुक्त्याचा ऱ वापरूनच ऱ्य लिहिते, त्याला ते अदृश्य चिन्ह लागत नाही, आणि लिखाण टाकलं की आधी सुऱ्या, दऱ्या, वाऱ्या असे शब्द शोधून ते नीट दिसतायत ना ते बघते.