तोंडाला रंग लावलेलं लाकूड

सांगायची लाज वाटते, पण सांगतो. बारा वर्षं मळणी मशीन चालवतोय, आणि लाकडात फसलो.

चाळण ज्या लाकडी पट्ट्यांवर हलते त्या बदलायच्या होत्या. मिनिटाला शेकडो हिसके सोसायचे असतात, म्हणून तिथं लवचीक, बिनगाठीचं, सरळ रेषेचं लाकूड लागतं. साधी लोखंडी पट्टी घातली तर हिसक्यानं चिरू शकते. आमचे वडील चाकाला बाभूळ आणि अशा कामाला धामण वापरायचे. धामण मिळाली नाही. कोल्हापूरजवळच्या एका वखारीत "शिसव आहे, वीस वर्षं बघायला नको" म्हणाले. 8 पट्ट्या 350 प्रमाणे 2,800 आणि चौकटीचे 2 दांडे 1,200 प्रमाणे 2,400. एकूण 5,200 रोख.

आता तो क्षण, जो रात्री झोपू देत नाही. प्रत्येक दांड्याच्या दोन्ही कापलेल्या तोंडांना तांबडा रंग होता. मी विचारलंही. "चिरू नये म्हणून लावतात, मालक." हे खरं आहे, लावतातच, म्हणून तर पटलं. बाकी अंगाला काळं तेल चोपडलेलं. हाताला डाग लागला तो मी पँटला पुसला! वडील लाकूड घेताना आधी तोंड बघायचे, आतला पक्का गाभा किती, कडेचं कच्चं पांढरं किती. मी रंग बघून गप्प बसलो. पण ऑक्टोबर होता, कागल भागात सोयाबीन कापून पडलेलं, वर ढग. त्या घाईत तुम्हीही घेतलं असतं.

तिसऱ्या दिवशी मळणी चालू असताना दोन पट्ट्या एकदम तुटल्या आणि चाळण खाली बसली. आत पावासारखं पांढरं, रंग नखभर खोल. सुतार म्हणाला, "मालक, ह्ये शिसव न्हवंच, सुबाभूळ हाय." चाळणीचं वेल्डिंग 3,400, सुतार 1,200, आणि तीन दिवसांची हातची मळणी गेली 9,500 ची. लाकडासकट 19,300. शेवटी धामणीच्या पट्ट्या सुतारानंच गावातून शोधून आणल्या, त्याचे वेगळे.

वखारीत गेलो तर तोच माणूस हसतो! "शिसवच की, जरा वरचं, सालीजवळचं लाकूड आलं असेल." चिठ्ठीवर काय तर 'लाकूड, नग 10'. लाकडाचं नाव नाही, शिक्का नाही. चिठ्ठीवर लाकडाची जात लिहून घेतल्याशिवाय पैसे सोडू नका.

पोलीस ठाण्यात दोन तास बसवलं आणि "ही दिवाणी बाब" म्हणून वाटेला लावलं. दुसऱ्या, वजनमापाच्या कचेरीत म्हणे माप बरोबर आहे ना, मग आमचं काम नाही. अहो, माप बरोबर असायला ते कापड आहे का? तिसरीकडे बाबू म्हणाला, "मशीन भाड्यानं देता, म्हणजे धंदा. तुम्ही ग्राहकच नाही." मी मान खाली घालून परत आलो. नंतर एका वकिलाकडून कळलं, ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये पोटापाण्यासाठी स्वतः वापरायला घेतलेली वस्तू धंद्यात मोजत नाहीत, आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फीसुद्धा नाही. त्या खुर्चीतल्या माणसाला हे माहीत नसावं? 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला, तक्रार नोंदवली. क्रमांक मिळालाय, पैसे नाहीत.

दांड्याचं बोटभर तोंड करवतीनं समोर कापायला लावा. नाही म्हणाला तर उठा. अंगाला तेल असेल तर सरळ सोडा, चांगल्या लाकडाला तेल चोपडायची गरज काय? आणि सुतार सोबत न्या, त्याची दिवसाची मजुरी माझ्या 19,300 पेक्षा स्वस्त पडते.

तुटलेले तुकडे पुरावा म्हणून शेडात ठेवलेत. घरातली म्हणते बंबात घाला. रोज सकाळी त्यांच्याखाली पिठासारखी भुकटी पडलेली असते, ती मीच झाडतो.